सभासद काढायचा, तो नियमाने

(युवक शाखेच्या अभिरूप संसदेसाठी तयार केलेल्या बडतर्फी-नियमांच्या मसुद्यावर सर्वसाधारण सभेत झालेले भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून मजकूर येथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवरचा हा विषय आपल्यापैकी पुष्कळांना किरकोळ वाटेल. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, मराठी शाळांची पटसंख्या घसरते आहे, सरकारी कार्यालयांत मराठीत कागद मिळत नाहीत. आणि आपण येथे बसून पोरांच्या खेळातल्या संसदेचे नियम काय करीत आहोत, असे कुणी विचारले तर त्याचा राग येण्याचे कारण नाही. तरीही नियम-समितीने या मसुद्यावर बराच वेळ खर्च केला. तो का केला, एवढेच मला आज सांगायचे आहे.

अभिरूप संसद म्हणजे काय, हे ज्येष्ठांसाठी आधी सांगतो. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा सुरू केल्या आणि पुढे ती प्रथा देशभर गेली. आपल्या मुलांनी तेच मोबाइलवर आणि संगणकावर आणले. कारण साधे आहे. आपली निम्मी मुले आज गावात नाहीत. कुणी पुण्यात आहे, कुणी बेंगळुरूत, कुणी गोव्यात. काही निपाणीत राहतात आणि हद्द ओलांडून अर्जुननगरला देवचंद कॉलेजात जातात. ही सगळी रविवारी रात्री एकत्र येतात. सभापती असतो, सत्ताधारी असतात, विरोधक असतात, विधेयके येतात, दुरुस्त्या येतात, मतदान होते. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरते. आपल्या मुलांना कामकाजाची भाषा, ती सुद्धा मराठीतून, दुसरीकडे कुठे शिकायला मिळते, ते मला माहीत नाही.

गेल्या पावसाळी अधिवेशनात विषय होता महाजन आयोगाचा अहवाल. १९६६ साली आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याने अहवाल दिला आणि बेळगाव शहर तिकडेच ठेवावे असे म्हटले, हे येथे कुणाला सांगायला नको. निपाणीकडच्या एका मुलाच्या चिठ्ठीत कर्नाटक सरकारची बाजू आली. त्याने तयारी केली, अहवाल वाचला आणि चांगले भाषण केले. त्या भाषणाचा लहानसा तुकडा कापून त्याच रात्री मोबाइलवर फिरवला गेला. खाली एकच शब्द होता : फितूर. सकाळी त्याचे नाव यादीत नव्हते. कुणी काढले, कोणत्या कलमाखाली काढले, काढण्यापूर्वी त्याला काही विचारले का, या तीन प्रश्नांना उत्तरच नव्हते. कारण अभिरूप संसदेच्या घटनेत या बाबतीत एकच ओळ आहे : ‘संचालकांना योग्य वाटल्यास सभासदत्व रद्द करता येईल.’ त्या रात्री ते एका संचालकाला योग्य वाटले, एवढे पुरले.

मुलगा घरी बसला. त्याचे वडील वर्षानुवर्षे एक नोव्हेंबरच्या फेरीत चालत आले आहेत. त्यांना आता बाजारात लोक थांबवून विचारतात, तुमचा पोरगा तिकडे गेला म्हणे? सीमाभागात ‘फितूर’ हा शब्द गमतीचा नाही. दुसरीकडे कुठे हा खेळातला रुसवा ठरला असता. येथे एका घराची दोन पिढ्यांची पत त्यात गेली. म्हणून हा विषय पोरांच्या खेळाचा राहिलेला नाही.

माणसाला समूहातून बाहेर काढणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. वाळीत टाकणे, पंगतीतून उठवणे, रोटीबेटी बंद करणे, हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होते. जातीच्या अशा तंट्याला ‘ग्रामण्य’ म्हणत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी माणसे नेमली गेली, म्हणणे ऐकून घेतले गेले, प्रायश्चित्ते झाली. आज तो सगळा प्रकार आपल्याला हास्यास्पद वाटतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळच्या कर्मठांनीसुद्धा आधी चौकशी केली. आपल्या मोबाइलवर तेवढेही झाले नाही.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. जातपंचायती माणसाला फक्त सभेतून काढीत नव्हत्या, त्याचे लग्नकार्य, मयत, दुकान, पाणी सगळे तोडीत होत्या. यावरून आमच्या समितीने पहिली गोष्ट ठरवली. संस्थेने सभासद काढला, तर तो संस्थेतून काढला. त्याच्याशी बोलू नका, त्याला लग्नाला बोलावू नका, त्याच्या दुकानात जाऊ नका, असे कुणी सुचवायचे नाही. तसे सुचवणारा स्वतःच कारवाईला पात्र राहील, असे कलम मसुद्यात आहे.

दुसरा धडा आपल्या गावातूनच घेतला. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. टिळकवाडीत आजही आपण काँग्रेस विहीर दाखवतो. पण त्या अधिवेशनात सभासदत्वाचा एक मोठा नियम झाला, तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. चार आण्यांच्या वर्गणीऐवजी प्रत्येक सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे असे ठरले. हेतू उदात्त होता. व्यवहारात मात्र तो नियम पाळणारे थोडे निघाले, आणि १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याच्या बैठकीत तो सैल करून चार आण्यांचा पर्याय पुन्हा द्यावा लागला. नियम गांधीजींनी केला म्हणून तो टिकला असे झाले नाही. माणसांना पाळता येईल असाच नियम टिकतो.

आपल्या मुलांच्या जुन्या प्रथेत तीन रविवार गैरहजर राहिला की नाव जात असे. आता बेळगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मुलगा तीन रविवार सहज चुकतो. खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात आठ-आठ दिवस वीज आणि मोबाइलची रेंज नसते. त्याला शिस्तभंग म्हणायचे का? म्हणून मसुद्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. गैरहजेरीने नाव ‘स्थगित यादीत’ जाते, त्यात डाग नाही, परत आला की एका निरोपावर नाव पूर्ववत. बडतर्फी ही वेगळी गोष्ट. ती ठपक्याची आहे, म्हणून तिला चौकशी लागते. या दोहोंची गल्लत झाली की नको असलेला माणूस गैरहजेरीच्या नावाखाली हळूच गाळता येतो. संस्थांत हे कसे चालते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

तिसरा धडाही बेळगावचाच आहे, आणि तो साऱ्या देशाला लागू झाला. बेळगावात ‘लॉज व्हिक्टोरिया क्रमांक ३६३’ ही स्कॉटलंडच्या घटनेखाली चालणारी फ्रीमेसन मंडळींची संस्था होती. तिने एका सभासदाला काढले. तो न्यायालयात गेला आणि प्रकरण दिल्लीपर्यंत पोहोचले. १९६२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी निकालपत्रात जे सूत्र घातले, ते खाजगी संस्थेतून सभासद काढण्याच्या वादांत वकील मंडळी आजही पुढे ठेवतात. त्याचा मथितार्थ असा. सभासद संस्थेच्या नियमांनी बांधलेला आहे. नियमांत बडतर्फीची तरतूद असेल तर त्याला काढता येते, पण नियमांत सांगितलेल्या रीतीनेच. संस्थाही त्या नियमांनी तितकीच बांधलेली आहे. न्यायालय अशा संस्थेच्या निर्णयावर अपील ऐकत बसणार नाही. मात्र संस्थेने अधिकार नसताना निर्णय घेतला, किंवा प्रामाणिकपणे घेतला नाही, किंवा नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मोडली, तर तो निर्णय रद्द करता येतो.

या खटल्यात सभासद हरला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे न्यायालयाने संस्थांचे हात बांधलेले नाहीत. रीत पाळणारी संस्था आपला निर्णय टिकवू शकते. ज्यांना भीती वाटते की नियम केले तर बेशिस्त माणसाला काढताच येणार नाही, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. नियम संस्थेच्याही संरक्षणाचा आहे. आमच्या संचालक मित्रांना मी हेच सांगितले : तुम्ही नियमाने काढलेत तर उद्या तुमच्याकडे बोट दाखवणाऱ्याला तुम्ही कागद दाखवू शकाल. आज तुमच्याकडे कागद नाही.

आता शिक्षा किती, हा प्रश्न. महाराष्ट्र विधानसभेने ५ जुलै २०२१ रोजी भारतीय जनता पक्षाच्या बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी तो ठराव रद्द ठरवला. निलंबन सभागृह शांतपणे चालावे यासाठी असते, त्यामुळे ते त्या अधिवेशनापुरतेच असू शकते, असे न्यायालयाने म्हटले. पुढचा मुद्दा तर फार मार्मिक आहे. आमदाराला काढून टाकले तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेऊन ती भरता येते. वर्षभर निलंबित ठेवले तर जागा भरलेलीही नाही आणि मतदारांच्या वतीने बोलणाराही नाही. म्हणजे असे निलंबन बडतर्फीपेक्षा वाईट. आपल्या अभिरूप संसदेत ‘पुढील सूचना मिळेपर्यंत निलंबित’ अशी दोन नावे आजही यादीत आहेत. त्यांतल्या एकाला वर्ष होत आले. त्याला कुणी काढलेले नाही, आत घेतलेले नाही, आणि सूचना देणारे संचालक आता नोकरीनिमित्त परगावी आहेत. म्हणून मसुद्यात मुदतीविना निलंबन ही गोष्टच ठेवलेली नाही.

घाईबद्दलही एक उदाहरण देतो. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात २३ डिसेंबर २००५ रोजी संसदेने अकरा खासदारांना काढले. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. त्यांत खानदेशातले दोघे होते. चित्रफीत दूरचित्रवाणीवर दिसल्यापासून अवघ्या काही दिवसांत हे झाले. तरीसुद्धा लोकसभेने आधी समिती नेमली, समितीने संबंधितांचे म्हणणे मागवले, अहवाल दिला, आणि मग सभागृहाने ठराव केला. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती कारवाई कायम ठेवली. म्हणजे काम लवकर करता येते. लवकर करायचे म्हणून ऐकणे वगळावे लागत नाही.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. बेळगाव महापालिकेने २००५ साली सीमाभाग महाराष्ट्रात सामील करावा असा ठराव केला, म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये सरकारने अख्खी महापालिका बरखास्त केली. २०११ साली महापौर-उपमहापौर काळ्या दिनाच्या फेरीत गेले, त्यानंतर डिसेंबरात पुन्हा बरखास्ती झाली. दोन्ही वेळा आपण काय म्हणालो? लोकांनी निवडलेल्या माणसाला त्याच्या मतासाठी शिक्षा करता येत नाही. काहींच्या कृतीसाठी सगळ्या सभागृहाला घरी पाठवता येत नाही. हे आपण मोर्चात म्हणालो, निवेदनांत लिहिले. हे जर आपले खरे मत असेल तर ते आपल्या घरातही लागू झाले पाहिजे. सरकारने मतासाठी काढले तर अन्याय, आणि आपण मतासाठी काढले तर शिस्त, असे म्हणता येणार नाही.

त्या निपाणीच्या मुलाचे तर ते मतही नव्हते. ती त्याच्या वाट्याला आलेली भूमिका होती. नाटकात कंसाचे काम करणाऱ्याला प्रेक्षक घरी जाऊन दगड मारीत नाहीत. उलट काम चांगले केले म्हणून पाठ थोपटतात. वकिलीतही हेच. समोरच्या बाजूचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडता आले, तरच आपले उत्तर पक्के होते. आपल्या मुलांना महाजन अहवालाची खरी बाजू, खोटी बाजू, त्यातली विसंगती सगळे तोंडपाठ हवे. विरोधी बाजू मांडणारा मिळालाच नाही, तर ती संसद राहणार नाही, एकमेकांना टाळ्या देण्याची बैठक होईल.

आता मसुद्यातली कलमे थोडक्यात वाचतो.

कलम १. सलग तीन अधिवेशनांना गैरहजर राहिल्यास सभासदाला पत्र जाईल. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास नाव स्थगित यादीत. परत येण्यास नवा अर्ज किंवा शुल्क नाही.

कलम २. बडतर्फीची कारणे चारच : शिवीगाळ किंवा धमकी, दोन नावांनी अथवा दुसऱ्याच्या नावाने भाग घेणे, मतमोजणीत किंवा हिशेबात लबाडी, आणि सभासदाची खाजगी माहिती वा त्याच्या भाषणाचा तोडलेला तुकडा बदनामीसाठी बाहेर पसरवणे. बहिष्कार सुचवणे हे धमकीतच मोडेल. ‘संस्थेच्या हिताविरुद्ध वर्तन’ असे मोघम कारण चालणार नाही.

कलम ३. वाट्याला आलेल्या भूमिकेतून केलेले भाषण, तसेच कोणत्याही प्रश्नावर सभ्य शब्दांत मांडलेले स्वतःचे मत, हे कारवाईचे कारण होऊ शकत नाही.

कलम ४. आरोप लेखी द्यावा, त्यावर तक्रारदाराचे नाव असावे. सभासदाला उत्तरासाठी किमान सात दिवस मिळतील. पुरावा म्हणून संदेश किंवा ध्वनिमुद्रण द्यायचे तर ते पूर्ण द्यावे, कापलेले नको.

कलम ५. चौकशी तिघांची समिती करील. त्यांतला एक ज्येष्ठ सभासद युवक शाखेबाहेरचा असेल. तक्रारदार किंवा साक्षीदार समितीत बसणार नाही.

कलम ६. शिक्षेच्या तीन पायऱ्या : ताकीद, त्या अधिवेशनापुरते निलंबन, बडतर्फी. सभा चालू असताना गोंधळ झाल्यास सभापतीला तातडीने बाहेर काढता येईल. हा आदेश सात दिवसांनी आपोआप संपेल.

कलम ७. बडतर्फीचा ठराव खास त्यासाठी बोलावलेल्या सभेत, हजर सभासदांच्या तीन-चतुर्थांश मतांनी, गुप्त मतदानाने. एकापेक्षा जास्त आरोप असतील तर प्रत्येकावर वेगळे मतदान.

कलम ८. तीस दिवसांत संघटनेच्या कार्यकारिणीकडे अपील. बडतर्फ सभासदाला एका वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येईल.

यातले तीन-चतुर्थांश आणि एक वर्ष हे आकडे आम्ही हवेतून आणलेले नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम ३५ मध्ये सभासद काढण्यासाठी तीन-चतुर्थांश बहुमत, म्हणणे मांडण्याची संधी, निबंधकाची मान्यता आणि सर्वसाधारणपणे एक वर्ष पुनर्प्रवेश नाही, अशी रचना आहे. दूध संस्थेतून किंवा पतपेढीतून माणूस काढायला एवढे लागते. मत मांडण्याच्या व्यासपीठावरून काढायला त्याहून कमी का लागावे?

दोन आक्षेप समितीकडे आले, त्यांना उत्तर देतो. पहिला असा की एवढ्या पायऱ्या ठेवल्या तर शिवीगाळ करणारा पंधरा दिवस छळत राहील. त्यासाठीच कलम ६ मधले सात दिवसांचे तातडीचे निलंबन आहे. तेवढ्या वेळात आरोपपत्र द्यायला कुणाला अडचण येऊ नये. आरोपपत्रच लिहिता येत नसेल, तर आरोप पक्का नव्हता असे समजावे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो ज्येष्ठांकडून आला. खरोखरच कुणी आत येऊन फूट पाडायचे काम करीत असेल तर? गटबाजीने आपली काय किंमत गेली, हे आपण जाणतो. २०१३ साली समितीचे दोन आमदार होते. २०१८ साली काही मतदारसंघांत समितीचे नाव सांगणारे दोन-दोन उमेदवार उभे राहिले आणि एकही निवडून आला नाही. २०२३ सालीही नाही. ही भीती खोटी नाही. पण फूट पाडणाऱ्याला सर्वांत सोयीचे काय असते? ज्या संस्थेत एका रात्रीत कुणालाही फितूर ठरवून काढता येते, ती संस्था. तेथे त्याला काही करावेच लागत नाही. एक तुकडा कापून पसरवला की आपलेच लोक आपलाच माणूस बाहेर टाकतात. नियम असलेल्या संस्थेत त्याला नाव लिहून तक्रार करावी लागते, पूर्ण पुरावा द्यावा लागतो आणि सात दिवस थांबावे लागते. तेवढ्यात लोकांची डोकी थंड होतात आणि खरे काय ते दिसते.

आता जुन्या प्रकरणांचे काय, हे सांगतो. नवा नियम मागच्या तारखेने लागू करणे योग्य नाही. म्हणून मसुद्यासोबत एक स्वतंत्र ठराव जोडला आहे. पावसाळी अधिवेशनानंतर जे नाव काढले गेले ते कोणत्याही रीतीने काढले गेलेले नाही, सबब ते काढलेच गेले नाही असे मानावे, आणि तसे पत्र त्या मुलाला व त्याच्या वडिलांना अध्यक्षांच्या सहीने जावे. मुदतीविना निलंबित असलेली दोन्ही नावे पूर्ववत करावीत. त्या दोघांविरुद्ध कुणाची तक्रार असेल तर ती नव्या कलमांखाली नव्याने करावी. पत्राचा मजकूर या वार्तापत्रात छापावा, अशीही समितीची शिफारस आहे. बदनामी जितक्या लोकांपर्यंत गेली तितक्यांपर्यंत निदान हा खुलासा जायला हवा.

मसुद्याच्या प्रती कार्यालयात ठेवल्या आहेत. निपाणी, खानापूर आणि येळ्ळूरच्या शाखांना वेगळ्या पाठवल्या आहेत. दुरुस्त्या लेखी द्याव्यात, कलमाचा क्रमांक लिहून द्याव्यात, आणि सूचकाने सही करावी. पुढच्या सर्वसाधारण सभेत एकेक कलम मतास टाकले जाईल. ज्यांना एखादे कलम मान्य नाही त्यांनी जरूर या आणि विरोधात बोला. त्यासाठी कुणाचेही नाव यादीतून जाणार नाही.